काठावरच्या पिक्सेलची वाटणी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संतसाहित्य, अर्थसंकल्प आणि गुडघेदुखी अशा भारदस्त विषयांच्या रांगेत संयोजकांनी यंदा माझ्यासाठीही एक संध्याकाळ राखून ठेवली, याबद्दल त्यांचे आभार. पत्रिकेत ‘कापलेल्या चित्रांच्या दातेरी कडा’ असं वाचून कुणाला हे शिवणकामाचं व्याख्यान वाटलं असेल, तर त्यांनी खुशाल उठून जावं, मला वाईट वाटणार नाही. विषय आहे संगणकावर कापलेल्या फोटोंचा.

आपल्याकडच्या कुठल्याही गावात एस.टी. स्टँडसमोर उभे राहा. फ्लेक्सचे बोर्ड दिसतील: वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, दहावी-बारावीचे गुणवंत, भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे चेहरे. हे सगळे चेहरे कुठून तरी कापून आणलेले असतात. कुणी लग्नाच्या मांडवात उभा होता, कुणी नव्या ट्रॅक्टरशेजारी. मागचं सगळं काढून टाकून त्यांना एका भडक रंगावर आणून बसवलेलं असतं. आता चेहरा सोडून चेहऱ्याच्या भोवती बघा. केसांभोवती पांढुरकी किनार. खांद्यावर पायऱ्या. भुरभुरणारे केस गायब, त्यांच्या जागी डोक्याचा नुसता गोल. डीटीपीच्या दुकानात याला ‘कटिंग फाटली’ म्हणतात.

ती का फाटते, हे मी उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षं सांगत आलोय. माझं म्हणणं थोडक्यात असं, की आकृतीची कड ही रेघ नसतेच. तो एक अरुंद पट्टा असतो, कधी एका पिक्सेलचा, कधी वीस पिक्सेलचा, आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये आकृतीही असते आणि तिच्या मागची भिंतही असते. रेघ शोधत बसणाऱ्याला चांगली कटिंग कधी जमत नाही.

पिक्सेलपासूनच सुरुवात करू. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्यानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो संगणकात चढवला. फोटो जेमतेम पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा. यंत्रानं त्याचे १७६ गुणिले १७६ चौकोन पाडले, म्हणजे एकतीस हजारांना थोडे कमी. छायाचित्र संगणकात जाण्याची ही पहिली वेळ. चौकोन का? कारण चौकोन सोपा. कर्श यांनी म्हातारपणी, ऐंशी ओलांडल्यावर, हा चौकोन म्हणजे आपला मूर्खपणा होता असं स्वतःच सांगितलं आणि वेगवेगळ्या आकारांचे पिक्सेल वापरून तेच चित्र पुन्हा करून दाखवलं. पण तोवर जग चौकोनांनी भरून गेलं होतं.

चौकोनांच्या जाळीवर आडवी रेघ छान उमटते, उभीही उमटते. तिरकी रेघ मात्र पायऱ्यांनीच चढते. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, त्याच्यासोबत बिल ॲटकिन्सन यांचा मॅकपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम आला. पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मधलं काही नाही. अशा पडद्यावर तिरक्या रेघेच्या पायऱ्या मोडण्याचा उपायच नव्हता, कारण उपायाला मधला रंग लागतो.

आता कुणी म्हणेल, ठिपके इतके बारीक करा की दिसणारच नाहीत. मोबाइलवाल्यांनी तेच केलं. पण इथे डोळा आडवा येतो. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला साधारण एका मिनिटाचा कोन लागतो, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. मात्र एखादी सरळ रेघ मध्येच जराशी सरकली आहे, हे ओळखायला त्याच्या पाच-सहा पट लहान कोनही पुरतो. कारखान्यात ज्यांनी व्हर्नियर कॅलिपर हाताळलाय त्यांना हे ठाऊक आहे. कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर आली हे डोळा अचूक सांगतो, त्या जोरावरच ते उपकरण चालतं. म्हणून सुटा पिक्सेल दिसत नसला तरी पिक्सेलची पायरी दिसू शकते. आपला डोळा कडांच्या बाबतीत फार खवचट आहे.

उपाय काय, ते १९७७ साली फ्रँक क्रो यांनी एका शोधनिबंधात नीट मांडलं. पायऱ्या हा चित्र काढणाऱ्याचा दोष नव्हे, तो नमुने घेण्याच्या पद्धतीचा दोष आहे. चित्रपटात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, कारण कॅमेरा सेकंदाला चोवीसच नमुने घेतो आणि चाक त्याहून चपळ असतं. टीव्हीवर निवेदकाच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्यी लाटा उठतात, त्याही याच कारणानं. तीक्ष्ण कड म्हणजे एवढ्याशा जागेत झालेला मोठा बदल. जाळीची वीण त्याला पुरत नाही. मग करायचं काय? पिक्सेलच्या केंद्राशी काय आहे एवढंच न विचारता, पिक्सेलच्या सगळ्या जागेत कोण किती आहे ते मोजायचं.

शेतकऱ्यांना हे पटकन कळेल. एका गटावर दोन भावांची नावं असली की सात-बाऱ्यावर हिस्सा लिहितात, सगळा गट एकाच्या नावावर चढवत नाहीत. कडेच्या पिक्सेलचंही तसंच. त्यात आकृती चाळीस टक्के असेल आणि मागचं आकाश साठ टक्के, तर रंगही त्याच प्रमाणात मिसळायचा. पूर्ण आकृतीच्या नावावर पिक्सेल चढवला की पायरी पुढे आली, पूर्ण आकाशाला दिला की पायरी मागे गेली. हिशेबानं वाटून दिला, की डोळ्याला तिथे सरळ, सलग कड दिसते. यालाच अँटी-एलियासिंग म्हणतात. लोक समजतात की कडा मऊ करणं म्हणजे कडा धूसर करणं. तसं नाही. हिस्से नीट मांडलेली कड धारदारच दिसते.

हे झालं संगणकानं स्वतः काढलेल्या चित्राचं. कापलेल्या फोटोत आणखी एक पेच आहे. फोटो आज या पार्श्वभूमीवर बसेल, उद्या दुसऱ्या. पुढे शेजारी कोण येणार हे आधी माहीत नाही. मग हिस्सा लिहून कुठे ठेवायचा? एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ या दोघांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७७ च्या सुमारास याचं उत्तर काढलं. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, त्यांच्याबरोबर चौथा आकडा ठेवायचा. या पिक्सेलमध्ये आकृती किती, एवढंच तो सांगतो. त्या आकड्याला त्यांनी अल्फा म्हटलं. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी, तेव्हा ते लुकासफिल्ममध्ये होते, या चौथ्या आकड्याच्या आधारे एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचं सगळं गणित बांधून दिलं. १९९६ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला. नटनट्यांच्या ऑस्करची बातमी आपण वाचतो, ही कुणी वाचत नाही. पण तुमच्या मोबाइलमधलं प्रत्येक स्टिकर या चौथ्या आकड्यावर उभं आहे.

चौथा आकडा नसला की काय होतं, ते इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्यांनी पाहिलं. जीआयएफ चित्रात पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाही तर पूर्ण पारदर्शक असतो. पांढऱ्या कागदावर केलेला संस्थेचा गोल शिक्का निळ्या पानावर ठेवला की त्याच्याभोवती पांढरी चावलेली किनार हमखास. १९९६ मध्ये पीएनजी हा प्रकार ठरला. त्यात अल्फाला २५६ पायऱ्या मिळू शकतात. आज दुकानात गिऱ्हाईक ‘पीएनजी द्या’ म्हणतं तेव्हा त्याला हा चौथा आकडाच हवा असतो. जेपीजीत तो मावत नाही.

संगणकाच्या आधी हे काम होत नव्हतं असं नाही. छपाईच्या ब्लॉकच्या काळात फोटोवर आकृतीभोवती ब्रशनं पांढरा रंग भरून पार्श्वभूमी मारत. पुढे ऑफसेटच्या प्रोसेस स्टुडिओत लाल पातळ फिल्म आली, रुबिलिथ. ती फोटोवर टाकून आकृतीच्या कडेनं धारदार कटरनं कापायची आणि नको तो भाग सोलून काढायचा. छपाईची फिल्म लाल प्रकाशाला आंधळी, त्यामुळे लाल भाग तिच्या लेखी काळा. ज्यांचा हात या कामावर बसला होता, ते केसांच्या वाटेला जातच नसत. केसांच्या जरा आतून, वळणदार कापत. आजच्या पोरांनी त्यांच्याकडून एवढं तरी शिकावं.

सिनेमावाल्यांना मात्र केस सोडून चालणार नव्हतं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी मूकपटाच्या काळातच ट्रिक फोटोग्राफीनं प्रेक्षकांना थक्क केलं होतं. पण पडद्यावर हलणाऱ्या माणसाला दुसऱ्या जागी नेऊन उभं करणं ही वेगळी विद्या. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये, ज्यात म्हैसूरचा साबू होता, निळ्या पडद्याची युक्ती वापरली गेली. सगळ्यात देखणा तोडगा त्यानंतरचा. पेट्रो व्हलाहोस यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. नटामागच्या पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश टाकायचा. सोडियमचा पिवळा प्रकाश जवळजवळ एकाच लहरीचा असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यात एक खास प्रिझम. तो ही एकच लहर वेगळी काढून दुसऱ्या फिल्मवर टाकतो. नट एका फिल्मवर रंगीत, दुसऱ्या फिल्मवर त्याची नुसती काळी सावली. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मधली माणसं रंगवलेल्या चित्रांत फिरतात ती अशी. टोपीवरचं जाळीदार कापडसुद्धा त्यात नीट उतरलंय. ती कड कुणी हातानं कापली नव्हती. कुठे किती प्रकाश अडला, ते प्रकाशानंच नोंदवलं होतं, त्यामुळे अर्धा अडला असेल तिथे अर्धाच अडल्याची नोंद झाली. आज आपल्याकडे मालिकांच्या चित्रीकरणात हिरवा पडदा वापरतात. तिथे नवरीचा हिरवा चुडा कसा सांभाळायचा, हे संकलकांनाच विचारावं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ऑपरेटरला वाटतं पायऱ्या मोडल्या की काम झालं. तो फेदर, म्हणजे कड मऊ करणारा आकडा, वाढवतो. पायऱ्या जातात, पांढरी किनार तशीच राहते, उलट जास्त पसरते. मग तो म्हणतो, फोटोच खराब आहे.

आकडे घेऊन पाहू. संगणकात काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ धरतात. माणूस चुना दिलेल्या भिंतीसमोर उभा आहे. भिंत २४०. त्याचे केस ४०. कडेवरचा एक पिक्सेल असा, की त्याची अर्धी जागा केसांनी व्यापलीय आणि उरलेल्या अर्ध्यात भिंत दिसतेय. फोटोत तिथे आकडा पडला १४०. आता हा माणूस गडद निळ्या रंगावर ठेवायचाय. त्या निळ्याचा उजेड धरू ३०. कडेचा पिक्सेल पूर्ण ठेवला, तर ४० च्या केसांच्या आणि ३० च्या निळ्याच्या मध्ये १४० चा फटफटीत ठिपका बसतो. ही ती पांढरी किनार. तो पिक्सेल पूर्ण काढून टाकला, तर किनार जाते पण पायऱ्या येतात आणि केस झिजतात. मग शहाणा ऑपरेटर हिस्सा अर्धा ठेवतो. १४० चे अर्धे ७०, ३० चे अर्धे १५, बेरीज ८५. बघा, केस ४०, निळा ३०, आणि दोघांच्या सीमेवर ८५! दोघांपेक्षाही उजळ. खरं तर तिथे ३५ यायला हवे होते. कड मऊ झाली, हिस्सा बरोबर लिहिला, तरी पांढरेपणा राहिला. का? कारण १४० हा केसांचा रंग नव्हताच. त्यात भिंतीचे १२० दडून बसले होते. पिक्सेलचा हिस्सा आपण वाटला, पण जुन्या भिंतीचा रंग आकृतीबरोबर नव्या घरात आणला.

म्हणून कामं दोन आहेत. एक, हिस्सा ठरवणं. दुसरं, आकृतीच्या वाट्याला आलेल्या रंगातून जुनी पार्श्वभूमी वजा करणं. १४० मधून भिंतीचे १२० काढा, उरले २०. ते अर्ध्या पिक्सेलचे, म्हणून दुप्पट करा. ४० आले, केसांचा खरा रंग. फोटोशॉपमध्ये ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ नावाची जी खूण आहे, किंवा जुन्या मेनूतलं ‘डीफ्रिंज’ आणि ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’, ती या दुसऱ्या कामाची हत्यारं. फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये ‘कलर टू अल्फा’ आहे. सपाट रंगाच्या भिंतीसाठी ते उत्तम. फेदरचा आकडा वाढवत नेणाऱ्यांनी आधी ही हत्यारं उघडून पाहावीत.

हे गणित मी सोपं करून सांगितलं, कारण भिंतीचा आकडा मला माहीत होता. प्रत्यक्षात कडेच्या पिक्सेलचे तीनच आकडे हातात असतात, लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात. आकृतीचे तीन, पार्श्वभूमीचे तीन आणि हिस्सा एक. तीन समीकरणांतून सात अज्ञातं काढता येत नाहीत, हे आठवीतला मुलगाही सांगेल. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर इथे अंदाज बांधतं. आतल्या बाजूचा रंग बघतं, बाहेरच्या बाजूचा बघतं, आणि मधल्या पट्ट्यात काय असावं ते ठरवतं. भिंत एकरंगी असेल तर अंदाज बरोबर येतो. मागे झाड असेल, पानांतून ऊन झिरपत असेल, तर यंत्रही हात टेकतं.

आणखी एक छुपी गोम. संगणकातले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा, पण पडद्यावर त्याचा उजेड पांढऱ्याच्या निम्मा नसतो, जेमतेम बावीस टक्के असतो. खरा निम्मा उजेड हवा असेल तर आकडा लागतो १८८. नुसत्या आकड्यांची सरासरी काढणारं सॉफ्टवेअर म्हणून कडा गरजेपेक्षा काळपट करतं. लाल फेटा हिरव्या पार्श्वभूमीवर ठेवला की मध्ये मातकट रेघ येते, ती यामुळे. फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्ये यासाठी एक सोय आहे, पण ती कुणी चालू केलेली मी क्वचितच पाहतो. कडेचे रंग एकमेकांजवळचे असतील तर तिच्यावाचून अडतही नाही.

एक तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. कटिंग मोठी असताना स्वच्छ दिसते, लहान केली की किनार उगवते. त्याचं कारण असं, की पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही आत रंग असतो, फक्त तो दिसत नाही. चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढली जाते. ती काढताना सॉफ्टवेअरनं अल्फाचं वजन लावलं नाही, तर तो लपलेला पांढरा बाहेर येतो. पोर्टर आणि डफ यांनी रंगाला हिस्स्यानं आधीच गुणून ठेवायला सांगितलं होतं, ते याचसाठीही उपयोगी पडतं.

आता हाताचं काम. मॅजिक वाँड या जादूच्या कांडीवर माझा विश्वास नाही. ती रंगातला फरक बघते, आकार बघत नाही. खांदा, हात, गाडी, भांडं असल्या स्वच्छ कडांसाठी पेन टूल घ्यावं. थोडेच बिंदू, लांब वळणं, आणि रेघ आकृतीच्या एखादा पिक्सेल आतून. एवढं केलं की अर्ध्या पिक्सेलचा फेदरही पुरतो. खोडरबर वापरू नये, मास्क, म्हणजे हिस्से नोंदवणारं काळं-पांढरं चित्र, वापरावा, म्हणजे काढलेलं परत आणता येतं. आणि सिलेक्शनभोवती ज्या चालत्या मुंग्या दिसतात, त्यांच्यावर विसंबू नये. ज्या पिक्सेलचा हिस्सा निम्म्याहून कमी आहे त्यांना त्या बाहेर टाकून दाखवतात. मऊ कडेचं चित्र मुंग्यांना दाखवता येत नाही, मास्क काळा-पांढरा करून बघावं लागतं.

कुणीतरी घाईत कापलेली, पायऱ्या पडलेली कटिंग हातात आली, तर एक जुनी युक्ती सांगतो. मास्क निवडा, त्याला दोन पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. कड धूसर होईल. मग लेव्हल्स उघडा आणि काळ्या-पांढऱ्याचे दोन्ही टोकांचे काटे मध्याकडे आणा. कड पुन्हा आवळली जाते, पण आता पायऱ्यांशिवाय. धूसर करताना पायऱ्यांचे उंचवटे आणि खड्डे एकमेकांत मिसळले, आवळताना त्यांच्यातून मधली वळणदार वाट निघाली. मधला काटा इकडे-तिकडे सरकवला की कड आत-बाहेर जाते, म्हणजे पांढरी किनारही याच फटक्यात थोडी कापता येते. गिम्पमध्येही हे असंच चालतं. मात्र तीक्ष्ण कोपरे गोल होतात. शर्टाच्या कॉलरचं टोक, मिशीचं टोक यांना वेगळं जपावं लागतं.

सगळ्या आकृतीला एकच फेदर देणं हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा आळस. कॅमेऱ्याची नजर चेहऱ्यावर असते, त्यामुळे नाकाची कड तीक्ष्ण आणि मागच्या खांद्याची मुळातच धूसर. खऱ्या फोटोत एकाच माणसाला दहा प्रकारच्या कडा असतात. लग्नाच्या अल्बममध्ये तर परीक्षाच. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा, नवरीच्या केसांतला गजरा, चष्म्याची काच, आणि मुंडावळ्या! कपाळावरून गालांवर लोंबणाऱ्या त्या मोत्यांच्या सरींमधून मागचा मांडव दिसत असतो. घाईत कापलेल्या फोटोत नवरी समुद्रकिनाऱ्यावर उभी असते आणि तिच्या मुंडावळ्यांच्या फटीत मांडवाचा लाल पडदा तसाच राहिलेला असतो. तिथे सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. कुणीतरी जवळ जाऊन बघायला हवं होतं.

जाता जाता अक्षरांबद्दल. पडद्यावर देवनागरी वाचताना हाच प्रश्न लहान आकारात उभा राहतो. शिरोरेषा आडवी, काना उभा, त्यांना पायऱ्यांची भीती नाही. पण ‘र’, ‘स’, ‘श’ यांचे तिरके पाय आणि रफार, रुकार यांची वळणं मऊ केल्याशिवाय सुबक दिसत नाहीत. उलट शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये पडली, तर मऊ करण्याच्या नादात ती दोन ओळींची राखाडी पट्टी होते. चांगला फाँट करणारा ती एका ओळीवर बसेल अशी तजवीज करतो.

परत फ्लेक्सकडे. पार्टी मोबाइलवर फोटो पाठवते. तो दोन-तीन ग्रुपमधून फिरून आलेला असतो, प्रत्येक वेळी आणखी दाबला गेलेला. जेपीजी चित्राला आठ गुणिले आठच्या चौकटींत दाबते, आणि रंगाची नोंद बहुधा चार पिक्सेलमागे एकदाच ठेवते. त्यामुळे कडेजवळ बारीक डाग उठतात आणि भिंतीचा रंग कानात, केसात शिरतो. कटिंग करणाऱ्याच्या हाती येण्याआधीच कड मेलेली असते. समजा त्या फोटोत चेहरा सहाशे पिक्सेल रुंद आहे आणि बोर्डावर तो सहा फुटांचा करायचाय. सहा फूट म्हणजे सुमारे १,८३० मिलिमीटर. एका पिक्सेलच्या वाट्याला तीन मिलिमीटर आले. दहा मीटर अंतरावर एक मिनिटाचा कोन म्हणजे जवळजवळ तेवढंच अंतर, म्हणजे रस्त्यापलीकडून पिक्सेल जेमतेम दिसेल न दिसेल. पण तीन पिक्सेलची पांढरी किनार नऊ मिलिमीटरची होते. ती तीस मीटरवरून, चालत्या एस.टी.तूनही दिसते. म्हणून बोर्डाच्या कामात मी विद्यार्थ्यांना सांगतो, पायऱ्यांची काळजी नंतर करा, आधी किनार मारा. मोबाइलवर जाणाऱ्या आमंत्रणात मात्र माणूस बोटांनी चित्र मोठं करून बघतो, तिथे पायऱ्याही मोडायला हव्यात.

आता एक बटण दाबलं की पार्श्वभूमी निघते, मग हे सगळं कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. ती बटणं चांगली आहेत. खूप चित्रं पाहून ती शिकलेली असल्यामुळे सात अज्ञातांचा अंदाज बऱ्यापैकी बांधतात, आणि पासपोर्ट फोटोला तेवढं पुरतं. पण ती सरासरी माणूस ओळखतात. नथीचा आकडा, तुऱ्याचे पदर, पखवाजाच्या वाद्या, वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका या जागी ती अडखळतात, आणि अडखळल्यावर गप्प बसण्याऐवजी काहीतरी गुळगुळीत बनवून देतात. दातेरी कड निदान आपण दातेरी आहोत हे कबूल तरी करते. गुळगुळीत खोटी कड पकडायला शिकलेली नजर लागते. बटण वापरावं, पण नंतर चित्र एकदा काळ्यावर, एकदा पांढऱ्यावर आणि एकदा भडक लालावर ठेवून कडेकडेनं फिरून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

श्रोत्यांमध्ये डीटीपीवाले थोडे आणि त्यांचे गिऱ्हाईक जास्त असणार, म्हणून शेवटची विनंती गिऱ्हाइकांना. बोर्डासाठी फोटो काढाल तेव्हा माणसाला भिंतीला चिकटवून उभं करू नका, चार-पाच फूट पुढे आणा, म्हणजे भिंतीचा रंग आणि सावली त्याच्या अंगावर येणार नाही. फिरून आलेला फोटो देऊ नका. ज्याच्या मोबाइलमध्ये तो काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्या आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ‘पाच मिनिटांत करून द्या’ असं म्हणत ऑपरेटरच्या डोक्यावर उभे राहू नका. कटिंगचे वेगळे पैसे मागितले तर द्या.